मायबापांची हजेरी



या खेपेच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी विषय वाटून दिले. कुणाला 'पाऊस' आला, कुणाला 'लोणारचे सरोवर' आले आणि मला आला 'पालक आणि शाळा'. पावसावर लिहिणं सोपं, तो सगळ्यांच्या ओळखीचा. पालकांवर काय लिहावं, असं मला पहिल्यांदा वाटलं. मग गुरुजींनी कपाटातून दोन-तीन पुस्तकं काढून दिली, बाईंनी काही गोष्टी समजावून सांगितल्या, आणि लेख लांबला. तो तुम्हाला उभ्यानंच वाचावा लागेल. ज्या मायबापांना वाचता येत नाही, त्यांना त्यांच्या मुलामुलींनी इथं भिंतीजवळ आणून मोठ्यानं वाचून दाखवावा ही विनंती. खरं पाहता हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

लिहिण्याआधी मी वर्गातल्या मुलांना एक प्रश्न विचारला. काल घरी गेल्यावर शाळेबद्दल कुणी काय विचारलं? बहुतेकांचं उत्तर सारखंच निघालं. 'जेवला का?' आणि 'अभ्यास झाला का?' हे दोन प्रश्न झाले की घरची शाळा सुटते. मग मी दोन-चार जणांच्या घरी जाऊन मोठ्या माणसांना विचारलं की तुम्ही शाळेत का येत नाही. त्यावर जे ऐकायला मिळालं ते आपल्या सगळ्यांच्या कानावरचं आहे. "आम्ही अडाणी माणसं, आम्हाले काय समजते त्यातलं? मास्तर पाहून घेतील."

या वाक्याला मला उत्तर द्यायचं आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याला शाळेतलं काही कळत नाही, ही समजूत खरी नाही. आपल्या हिवरा आश्रमाचंच उदाहरण घ्या. विवेकानंद जन्मोत्सवाच्या महाप्रसादाला शेतात हजारो माणसांच्या पंगती बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढतात. तिथं कुणी म्हणतो का की मला वाचता येत नाही म्हणून मी वाढणार नाही? कुणी पाणी देतो, कुणी पुऱ्या तळतो, कुणी रांग धरतो. जो तो आपल्याला जमेल ते काम पकडतो. शाळेच्या कामात मात्र आपण सगळा ट्रॅक्टर एकट्या मास्तरांच्या हाती देऊन मोकळे होतो.

आता थोडा इतिहास सांगतो. तो मला फार आवडला. पालकांशी कसं वागावं, हे शाळा चालवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं असं नाही. ते हळूहळू शिकत गेले.

महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण पाठ केलेलं आहे. पण १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं हंटर आयोग नेमला, तेव्हा जोतीरावांनी त्याला एक निवेदन दिलं, ते फार जणांना माहीत नसतं. त्यात त्यांनी मागितलं की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि त्याच निवेदनात हेही लिहिलं की गरिबांची मुलं शाळेत टिकत नाहीत त्याचं एक कारण गरिबी आहे, म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या. नुसती सक्ती करून भागत नाही, घरची अडचणही पाहावी लागते, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं.

पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली तसाच हुकूम काढला आणि त्यात असं ठरवलं की जो पालक आपलं मूल शाळेत पाठवणार नाही त्याला दर महिन्याला एक रुपया दंड. त्या काळात एक रुपया मजुराला सहजी परवडणारा नव्हता. आमच्या आज्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं आमच्या वक्ताले शाहू महाराज इकडं नव्हते, नाहीतर आमच्या बापाचं घरच इकलं असतं." आज्या चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेला होता.

दंडानंतरची गोष्ट ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ यांची. १९४५ साली त्यांनी समुद्राकाठच्या बोर्डी या गावात गरिबांच्या लहान मुलांसाठी बालवाडी सुरू केली. पण मुलं येईनात. मोठी माणसं दिवस उगवला की कामावर जाणार, मग लहान्याला शाळेत कोण आणून सोडणार? ताराबाईंनी दंड लावला नाही. शाळाच उचलली आणि वस्तीत, लोकांच्या अंगणात नेऊन मांडली. तीच अंगणवाडी. आज गावोगावी हा शब्द आपण बोलतो तो तिथून आलेला आहे. पुढे १९५७ साली त्या दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली आदिवासी मुलं दिवसभर गुरं राखत. त्यांच्यासाठी शाळा कुरणावर गेली आणि तिला कुरणशाळा असं नाव पडलं. गुरं चरताहेत आणि पोरं शिकताहेत. आज्याला हेही सांगितलं. तो काही बोलला नाही, तंबाखू मळत राहिला.

म्हणजे बघा, आधी पालकांना दंड झाला, मग शाळा पालकांच्या दारी गेली. तिसरी पायरी आपल्याच काळातली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यानं पालकाला शाळेत खुर्ची दिली. ही खुर्ची कशी मिळते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

या कायद्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. प्रत्येक सरकारी शाळेत ती असायलाच पाहिजे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश माणसं मुलांचे आईबाप किंवा सांभाळणारे असली पाहिजेत. म्हणजे चारातले तीन. आणि एकूण समितीत निम्म्या बाया. जे घटक मागं राहिले आहेत त्यांचेही पालक त्यांच्या प्रमाणात घ्यायचे. हे सभासद पालकांच्या सभेतून निवडतात. आपल्या राज्यात समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच होतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. समितीनं शाळेचा कारभार कसा चालला आहे ते पाहायचं, शाळेला आलेला पैसा कुठं खर्च झाला त्यावर नजर ठेवायची आणि शाळेत पुढं काय काय करायचं त्याचा आराखडा तयार करायचा. सभासद व्हायला अमुक इयत्ता शिकलेलं पाहिजे अशी अट कलमात नाही. मी दोनदा वाचून पाहिलं.

याच कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकांची कामं आहेत. वेळेवर शाळेत येणं, अभ्यासक्रम पुरा करणं ही तर आहेतच. पण एक काम असं आहे की पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी किती, त्याला कितपत समजतं, त्याची प्रगती कशी आहे, हे पालकांना सांगायचं. म्हणजे "माझ्या पोराचं कसं काय चाललंय?" असं विचारायला आलेला बाप गुरुजींवर उपकार मागत नाही, तो हक्काचं मागतो. आणि १० व्या कलमात पालकांचंही काम लिहिलं आहे. मुलाला शाळेत घालणं हे प्रत्येक पालकाचं कर्तव्य आहे.

माझी माय समितीवर निवडून आली तेव्हा ती नाहीच म्हणत होती. "मले सही बी धड येत नाही. तिथं बसून काय करू?" बाबा म्हणाले, जा तर खरी. पहिल्या बैठकीला ती दाराजवळ बसली आणि काही न बोलता परत आली. दुसऱ्या वेळी बाईंनी तिला खिचडी चाखायला दिली. तिनं एक घास घेतला आणि म्हणाली, "तिखट लय झालं. पहिलीतल्या लेकराईले झोंबन ना हे." बाई म्हणाल्या, बरोबर आहे, आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तेव्हापासून पहिली-दुसरीची खिचडी आधी काढून ठेवतात आणि तिखट मागून पडतं. मायला हे कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. चार लेकरं वाढवली होती, तेवढंच. आता ती दाराजवळ बसत नाही.

खिचडीवरून आठवलं. शाळेत दुपारचं जेवण देण्याची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. आधी बऱ्याच ठिकाणी शिजवलेलं अन्न मिळत नसे, धान्यच घरी देत. शिजवलेलंच द्या, असा सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली हुकूम केला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ किंवा गहू आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, असं माप ठरलेलं आहे. त्याबरोबर डाळ, भाजी, तेल वेगळं. हे माप प्रत्येक आईनं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मापाचं आयांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

जेवण मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चाखून बघायचं असतं आणि त्यात एक तरी शिक्षक हवा. पुष्कळांना ती नुसती रीत वाटते. पण जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या जेवणात कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली. आपल्यासारखीच लहान शाळा होती ती. हे वाचल्यावर मला दोन गोष्टी वाटल्या. एक, कुणाची माय किंवा आजी महिन्यातून एखाद्या दिवशी खिचडी चाखायला आली तर ते फार मोठं काम आहे. दुसरी गोष्ट घरची. फवारणीचं रिकामं डबडं धुऊन त्यात तेल-मीठ ठेवण्याची काही घरांत सवय आहे. ती आजच्या आज मोडावी. डबडं फोडून टाकावं म्हणजे कुणाला मोह होणार नाही.

आता हजेरीचं. हे लिहिताना माझ्या काही मित्रांना राग येईल, पण लिहितोच.

सोयाबीन काढायला आलं की वर्गात रिकामी जागा दिसू लागते. मग कापूस वेचायला येतो, मग तूर. कुणी शेतात जातो, कुणी घरी लहान्या बहिणीला धरून बसतो, आणि धरून बसणारी बहुधा मुलगीच असते. घरचे म्हणतात, एका दिवसानं काय बिघडते? म्हणून मी हिशोब करून पाहिला. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षात निदान २०० दिवस भरली पाहिजे, सहावी ते आठवीची २२० दिवस. आठवड्याला सहा दिवस शाळा धरली तर २०० दिवसांचे होतात साधारण ३३ आठवडे. दर आठवड्याला एकच दिवस बुडवला तर वर्षाला ३३ दिवस गेले. पहिली ते पाचवी या पाच वर्षांत १६५ दिवस. म्हणजे पाच वर्षांतलं जवळपास एक अख्खं वर्ष तो मुलगा शाळेत आलाच नाही. आणि मग पाचवीत त्याला भागाकार येत नाही म्हणून घरचे म्हणतात, आमचं पोरगं मठ्ठ आहे. मठ्ठ नाही, तो चौथीतच आहे, नाव फक्त पाचवीत लिहिलं आहे.

घरच्या कामात मुलांनी हातच लावू नये, असं मी म्हणत नाही. आपण शेतकऱ्यांची पोरं आहोत. कायदाही तसं म्हणत नाही. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कुठंही कामाला लावता येत नाही. पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत आपल्या घरच्या कामाला मदत करायला हरकत नाही, तेही धोक्याचं काम नसेल तर. फवारणी हे धोक्याचंच काम आहे. ते सुट्टीतही नको.

ज्यांना कामासाठी गाव सोडून जावं लागतं, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर, त्यांची अडचण वेगळी आहे. पोरांना मागं ठेवावं कुणाजवळ? अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलं आपल्याच गावात, आजी-आजोबांजवळ किंवा नातलगांजवळ राहतात, आपल्याच शाळेत येतात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. पण त्यासाठी जाण्याच्या आधी मुख्याध्यापकांना सांगावं लागतं. रातोरात ट्रक निघून गेल्यावर कुणाला काही करता येत नाही. एका कुटुंबानं आधी सांगितलं तर एक पोरगं चार महिने शाळेत राहतं.

पुष्कळ पालकांना वाटतं की घरी शिकवायचं म्हणजे शिकवणी घ्यायची. तसं नाही. मायबापांना शिकवायचं नाहीच, विचारायचं आहे. 'अभ्यास झाला का?' याचं उत्तर 'हो' असतं, झाला असो वा नसो. त्यापेक्षा असं विचारून पाहा, "आज काय शिकवलं ते मले सांग नं." मग पोराला सांगावं लागतं. सांगता सांगता त्याला कळतं की आपल्याला कुठं येतं आणि कुठं अडतं. आपल्या बोलीत सांगितलं तरी चालतं. उलट बोलीत सांगता आलं तर समजावं की खरंच समजलं. मी मायला पृथ्वीची गती समजावून सांगत होतो. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग आपण पडत काहून नाही?" मला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मी गुरुजींना विचारलं, आणि सगळ्या वर्गाला गुरुत्वाकर्षण शिकायला मिळालं. प्रश्न मायचा होता.

वाचन घ्यायला पुस्तक लागतंच असं नाही. बियाण्याच्या पिशवीवर काय लिहिलंय, औषधाच्या बाटलीवर तारीख कुठली आहे, एसटीची पाटी मेहकरची आहे का चिखलीची, विजेचं बिल किती आलं, रेशनच्या कार्डावर किती नावं आहेत, हे पोराला वाचायला लावावं. तिसरीच्या पोराला हे वाचता आलं नाही तर ओरडू नये, गुरुजींना येऊन सांगावं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, म्हणून सरकारनं २०२१ साली निपुण भारत नावाचं अभियान काढलं आहे. ते गुरुजींना माहीत आहे, पण घरी पोरगं कुठं अडखळतं ते घरच्यांनाच दिसतं.

गणिताचं तर विचारूच नका. आपलं घर म्हणजे गणिताचं पुस्तक. समजा मायनं सकाळी १८ किलो कापूस वेचला आणि दुपारनंतर १४ किलो, आणि वेचणी किलोला १० रुपये आहे. किती झाले? मायला ३२० तोंडी येतात, आम्हाला पाटीवर मांडावं लागतं. ती कशी करते ते तिला विचारा. ती आधी तीस किलोचे तीनशे करते आणि मग वरच्या दोन किलोचे वीस. ही तोंडी हिशोबाची युक्ती आमच्या वर्गात बाईंनी फळ्यावर लिहून घेतली. आणि लोक म्हणतात, आम्हाले काय समजते!

इथं मला एक बोलायचं आहे, ते मित्रांसाठी. आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. १२ जानेवारीला आपण सगळे जिजाऊंवर भाषण करतो. मातेनं पुत्र घडवला, मातेनं संस्कार दिले, असं जोरजोरात म्हणतो, टाळ्या घेतो. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर माय वहीत डोकावली की म्हणतो, "तुला काय समजते त्यातलं, जा." भाषण करणाऱ्यांनी हे जरा मनाशी ताडून पाहावं.

आता तब्येतीचं. आमच्या वर्गातला एक मित्र नेहमी शेजारच्याच्या वहीत पाहून लिहायचा. त्याच्या बाबांना वाटायचं, हा कॉपी करतो, आळशी आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, डॉक्टरांनी त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, तेव्हा कळलं की त्याला फळाच दिसत नाही. चष्मा लागला आणि त्याचं शेजारी पाहणं बंद झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक शाळेत येऊन प्रत्येक मुलाची तपासणी करतं. डोळे, कान, दात, त्वचा, हृदय, अंगात रक्त कमी आहे का, सगळं पाहतात. काही आढळलं तर पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी देतात, आणि पुढचा उपचार मोफत असतो. पण ती चिठ्ठी पुष्कळदा दप्तरातच राहते आणि पावसात भिजून लगदा होते. पालकांनी महिन्यातून एकदा दप्तर उलटं करून पाहावं. चिठ्ठ्याही सापडतील आणि बोरंही.

डोळे कमजोर असल्याच्या खुणा घरीच दिसतात. पोरगं टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतं, डोळे बारीक करून पाहतं, संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतं. कानाचंही तसंच. हाक मारली की 'ओ' देत नाही म्हणून दर वेळी त्याला हट्टी ठरवू नये, कान वाहतो का तेही पाहावं.

शाळेत गोळ्या देतात त्याचं सांगतो, कारण त्यावरून घरी कटकट होते. जंतनाशक दिनाला जी गोळी देतात ती चावून खायची असते. ती पोटातल्या जंतांसाठी. जंत असले म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. दुसरी लोहाची गोळी, आठवड्यातून एकदा. लहानांना गुलाबी, दहा वर्षांवरच्यांना निळी. ती जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी मळमळतं. तिच्याबरोबर चहा पिऊ नये. चहामुळं लोह अंगात नीट जात नाही. लिंबू मात्र चांगलं. गोळी घेतल्यावर संडास काळी झाली तर घाबरू नये, ते लोहामुळंच होतं. हे ठाऊक नसलं की काही आया गोळी घेऊ नको म्हणून सांगतात.

एक गोष्ट मला लिहावी की नाही कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, लिही. घरात रात्री भांडण झालं, कुणी पिऊन आलं, किंवा बँकेच्या कर्जाचं बोलणं मोठ्या आवाजात झालं, तर मोठ्यांना वाटतं की पोरं झोपलेली आहेत. पोरं झोपलेली नसतात. ती डोळे मिटून ऐकत असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावरचं अक्षर डोळ्यापुढं थांबत नाही आणि गुरुजी काय म्हणाले ते कळत नाही. कर्ज आहे तर आहे, पोरांनाही ते ठाऊक असतं. पण सकाळी कुणी जवळ घेऊन "काही नाही रे, आम्ही पाहून घेऊ" एवढं म्हटलं तरी दप्तर हलकं होतं. जे पोरगं एकदम गप्प झालं, खेळायला येईना, जेवेना, शाळेत यायला रडू लागलं, त्याला मारून पाठवण्याआधी विचारावं की काय झालं. कुणी मारतं का, कुणी चिडवतं का, कुणी नको तिथं हात लावतं का. शाळेत मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानं बंद केलं आहे. मुलांनी स्वतःसाठी एक नंबर पाठ करावा, १०९८. त्यावर फोन लावायला पैसे पडत नाहीत, आणि अडचणीत असलेलं कुठलंही मूल तो स्वतः लावू शकतं.

मोबाईलबद्दलही चार ओळी. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षण मोबाईलवर आलं आणि ज्या घरी एकच फोन होता तो बाबांच्या खिशात शेतात गेला. तेव्हा आपल्याला फोन मिळत नव्हता म्हणून आपण रडलो, आता तो सुटत नाही म्हणून घरचे रडतात. रात्री जेवताना फोन सगळ्यांनी बाजूला ठेवावा, मोठ्यांनीही. एकट्या पोरांचाच काढून घेतला तर आम्हाला तो न्याय वाटत नाही.

शेवटी सभेचं. गावोगावी पालकांच्या सभा ओस पडतात आणि दोन्हीकडून कुरकुर होते. शिक्षक म्हणतात, पालक येत नाहीत. पालक म्हणतात, रोज बुडतो. मला वाटतं दोघांचंही खरं आहे. सभा सकाळी अकराला ठेवली तर निंदणाला गेलेली माय येणार कशी? आणि सभेत नुसती भाषणं झाली तर ती परत कशाला येईल? आमच्या वर्गानं गुरुजींना असं सुचवलं आहे की सभा अमावास्येला ठेवावी, म्हणजे आपल्याकडे त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, किंवा मग दिवस मावळताना ठेवावी. आणि भाषणाऐवजी प्रत्येक मुलानं आपल्या मायबापाला आपली वही दाखवावी, एक पान वाचून दाखवावं, हजेरीचे दिवस मोजून सांगावे. गुरुजी हो म्हणाले आहेत.

सभेला आल्यावर काय विचारावं, हे काही पालकांना सुचत नाही. एवढंच विचारा, माझं पोरगं या महिन्यात किती दिवस आलं, त्याला काय चांगलं येतं आणि कुठं अडतं, आणि घरी मी काय करू. गुरुजींनी सांगितलेलं समजलं नाही तर पुन्हा विचारा. आम्ही रोज दोनदा-तीनदा विचारतो, ते रागवत नाहीत.

सभेची तारीख दारावरच्या फळ्यावर लिहिलेली असते. ती मुलांनी वाचून घरी सांगायची आहे. बसायला सतरंजी टाकलेली असेल. कडेवरचं लेकरू घेऊन आलं तरी चालतं, त्याला आम्ही सांभाळू.